समासातला ठिपका

पहाट. सापळ्यावर गोणपाट.
एडविना म्हणते, हळू.
घाबरली तर झोळीतलं टाकून पळते.

तिच्या भाषेत हिचं नाव वारू.
घोडा नव्हे. बोक्याहून जरा थोराड, बस्स,
शेपूट मात्र अंगाहून लांब,
कड्यावर तोल सांभाळायला.

पिशवीसकट चार किलो शंभर.
पिशवीचे तीनशे वजा.
आकडा लिहिताना माझी बोटं गारठलेली.

एडविना दोन बोटांनी झोळी उघडते.
आत, स्तनाला घट्ट,
घेवड्याच्या दाण्याएवढं काहीतरी.
डोळे उमटायचेत अजून.
पुढचे पंजे तेवढे झालेत,
त्यांच्याच जोरावर केसाकेसातून
चढून आलं इथवर,
कुणी न उचलता.

'पिल्लं : एक', मी लिहितो.
'अजून एक आहे,' ती म्हणते, 'आत. थांबलंय.
हे गेलं, तर ते वाढायला लागेल.'
'दिसतं?'
'छे.'

छापील कागदावर
कोल्ह्याच्या ठशांना रकाना आहे,
कानातल्या गोचिडांना आहे.
थांबलेल्याला नाही.

ती माझी पेन्सिल घेते,
समासात एक ठिपका देते,
फार दाबून नाही,
आणि पिशवीचं तोंड कातळाकडे करते.

दगडच हलला, असं वाटलं.