धुलाईची वही

विनिफ्रेड क्यूलीने ते जहाज आतून कधी पाहिलं नाही.
बूटलच्या गोदीमागे, वाफेने घामेजलेल्या तळघरात
तिला 'ऑरेलिंडा' कळायची गाठोड्यांतून.

पहिली नोंद, एप्रिल एकोणीसशे आठ:
चादरी तीन हजार दोनशे. टेबलक्लॉथ सहाशे.
नॅपकिन – मोजता मोजता दिवा लावायची वेळ झाली –
प्रत्येकाच्या कोपऱ्यात निळ्या दोऱ्याचं,
चार धुराड्यांचं, नखाएवढं जहाज.

न्यूयॉर्कहून ती परतली की बायका डाग वाचत.
ही पोर्ट वाइन. हे कालवांचं पाणी.
ह्या उशीवर कुणीतरी रात्रभर रडलंय, पावडरसकट.
तळाच्या वर्गाच्या घोंगड्यांना कांद्याचा, ओकारीचा वास;
एकीच्या घडीत पोराचा दुधाचा दात निघाला,
तो विनीने खिडकीत ठेवला, कुणी मागायला आलंच तर.
मग सोडा, खळ, नीळ,
आणि सोमवारपर्यंत सगळं परीटघडीचं.

चौदा साली धुराडी राखाडी रंगवली.
पोर्ट वाइन संपली.
नव्या पोरींना ती एवढंच शिकवी:
रक्ताला आधी गार पाणी.
ऊन पाण्यात ते कापड सोडत नाही.

सतराचा मार्च. आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ, सुरुंग.
चहा निवायला लागतो तेवढ्या वेळात गेली, म्हणे.
कापडांचा एक संच तिच्याबरोबर बुडाला,
दुसरा इथेच, इस्त्री होऊन, दोरीने बांधून, दाराशी.
न्यायला गाडी आली नाही.

कंपनीचं पत्र आलं जूनमध्ये:
सदर मालावर आम्ही पाणी सोडलं आहे.
नक्षी उसवून विकावा.
उसवणीला डझनामागे दीड पेनी.

सहा बायका, बोथट सुया, अख्खा उन्हाळा.
दोरा निघाला तरी भोकं राहिली.
कोरड्या कापडावर दिसत नाहीत;
भिजवून उजेडाशी धरलं, की
चार धुराडी.

साउथपोर्टच्या एका हॉटेलने सगळे घेतले.

वही तिने मिटली, हिशेब चुकता.

तिचा धाकटा भाऊ एबर त्या बोटीवर कोळसा ओढायचा.
भट्टीवाल्यांना चादरी नसत.
गळ्याला गुंडाळायचं एक फडकं होतं त्याचं,
ते ती घरी, परसात, वेगळं धुवायची.
तिसरं पाणीही काळंच निघायचं.
ते वहीत कधी मांडलं नव्हतं.