कॉलर माइक

गांधीबागेत, कूलरच्या दुकानावर दुसरा मजला.
तिथे गेली अकरा वर्षं मी प्रभंजन हेडाऊच्या
शर्टाच्या दुसऱ्या बटणापाशी माइक लावतो.
बोट छातीला लागतं. तो खाली बघत नाही.
तो आरशातल्या स्वतःला "या, बसा" म्हणत असतो,
एकदा गोड, एकदा थोडं खर्जात,
एकदा जणू पाहुणा म्हणजे त्याचा हरवलेला मामा.

शहराला तो टीव्हीवर दिसतो.
मला तो कानात ऐकू येतो.
पाहुणा बोलतो तेव्हा याच्या पोटात काय गुरगुरतं,
"अच्छा" म्हणण्याआधी जीभ टाळूवरून कशी सुटते,
हे त्याच्या बायकोलाही ठाऊक नसेल.

अच्छा त्याच्याकडे पाच आहेत.
आमदारांसाठीचा हसरा. डॉक्टरांसाठीचा थोडा घाबरलेला.
बाकीचे सांगत नाही, धंद्याचा प्रश्न आहे.

कुणाचे डोळे भरणार, ते त्याला त्या माणसाआधी कळतं.
मग तो चार बोटं पुढे सरकतो,
खुर्ची करकरते, मी फेडर खाली ओढतो,
आणि रात्री नऊला इतवारीत, जरीपटक्यात, पार कामठीपर्यंत
ताटातले हात थांबतात.

खोटं नाही हो ते. तेच तर आहे.
लाल दिवा पेटलेला असेपर्यंत
तो तुमच्या वडिलांच्या दम्यासाठी जीव टाकेल.
दिवा विझला, की माइक काढायच्या आत विचारतो,
"उद्या कोण आहे रे?"

तर्री-पोह्याच्या गाडीवर मला म्हणतो,
"निनावे, पोरगी कितवीत गेली तुझी?"
मान कलती, चमचा हवेत थांबलेला.
पोरगी बी. फार्म झाली, वर्ध्याला नोकरीला लागली,
त्यालाही दोन वर्षं झाली.
हे मी त्याला चारदा सांगितलं.
चारही वेळा तो आनंदला.
आणि लपवू कशाला,
चारही वेळा मला बरं वाटलं.
घरी कुणी इतकं आनंदलं नव्हतं.

मे महिन्यात पाहुण्या होत्या यमुनाबाई ठवरे,
टेलिफोन एक्स्चेंजातून रिटायर,
चौतीस वर्षं दुसऱ्यांचे ट्रंक कॉल जोडलेल्या.
बाहेर सेहेचाळीस डिग्री. मध्येच लाइट गेली.
कूलर रेकॉर्डिंगला मी बंदच ठेवतो,
तरी वाळ्यातून पाणी ठिबकत होतं.
कॅमेरे मेले. माझं मशीन बॅटरीवर,
माझ्या कानात दोघं चालूच.

अंधारात बाई म्हणाल्या,
"बाप्पा, मघापासून तुम्हीच इचारून राह्यले.
तुम्ही कसे आहा?"

मी काटा बघत होतो.
अकरा सेकंद नुसता श्वास.
दारात उभा माणूस किल्ली शोधतो ना,
या खिशात, त्या खिशात, पुन्हा या खिशात,
तसा.
मग तो म्हणाला, "मी..."
आणि पुढे काही आलं नाही.
आवाज गेला नव्हता. लेव्हल बरोबर होती.

बाई म्हणाल्या, "राहू द्या. होल्ड करते मी."

खाली जनरेटर खोकला. लाल दिवा.
"तर यमुनाताई, आपण कुठं होतो?"
आणि चौथ्या नंबरचा अच्छा, जागच्या जागी.
एपिसोड चांगला गेला.

ते अकरा सेकंद अजून माझ्याकडे आहेत.
फाइलला नाव दिलंय, "खोलीचा आवाज".
दुसऱ्या कुठल्या भागात सांधा उघडा पडला
की तिथं मी ते खाली अंथरतो.
पाहुणा बोलत राहतो.
कुणाला कळत नाही खाली कोण श्वास घेतंय.

काल गाडीवर पुन्हा,
"निनावे, पोरगी कितवीत रे तुझी?"
"दहावीत," म्हणालो.
"अरे वा!" चमचा थांबला. "गणित जमते का तिला?"
आणि मी सांगू लागलो.