तिसरा रकाना

डोईफोडे सरांनी पहिल्याच तासाला
फुलस्केप वही आडवी धरायला लावली,
पट्टीनं तीन रकाने पाडून घेतले:
ती काय म्हणाली.
मी काय म्हणाले.
मला काय वाटलं.
समास तेवढा त्यांचा, लाल शाईचा.

मंगळवार, शुक्रवार क्षेत्रकार्य.
जालना स्टेशनहून शेअर रिक्षा, चंदनझिऱ्याला उतरायचं
आणि भट्ट्यांच्या मागं चालत राहायचं,
जिथं पत्र्यावर, वाळत्या गोधडीवर,
परातीतल्या पिठावरसुद्धा
लोखंडाची काळी भुकटी बसते.
गळ्यात ओळखपत्र, पिशवीत कोरे फॉर्म,
डोक्यात अख्खं युनिट : मुलाखतीचे तंत्र.

कौसाबाईनं विचारलं, "कुठली गं तू?"
"कुंभार पिंपळगाव."
"आडनाव?"
सांगितलं.
ती आत गेली. तांब्या आणला, वर पेला पालथा,
दोघींच्या मधोमध ठेवला
आणि बघत राहिली.
मला तहान नव्हती. बाटली होती पिशवीत.
"राहू द्या," मी म्हणाले.
पुढचा अर्धा तास ती म्हणाली
हो, नाही, बघू.
तिसऱ्या रकान्यात मी लिहिलं :
क्लायंट सहकार्य करत नाही.
समासात लाल शाई : हे वाटणं आहे का?
आणि खाली, बारीक अक्षरात : पाणी प्यालीस?

शुक्रवारी मी दारातूनच पाणी मागितलं.
ती हसली नाही. पण बसली.

पंचशीला, वय तेरा. पाय जन्मापासून असे.
प्रमाणपत्र नाही म्हणून पगार नाही,
पगार नाही म्हणून कौसाबाई भंगार निवडते,
पोरीला पाठुंगळी बांधून.
सिव्हिलच्या रांगेत मी तिला समजावत होते
कागद कोणते, झेरॉक्स किती, शिक्का कुणाचा.
तिनं ऐकून घेतलं सगळं, शेवटपर्यंत.
मग कंबरेची कॅरिबॅग सोडली :
तोच फॉर्म. चार वेळा. चार हस्ताक्षरं.
"ही सुनंदा. ही फौजिया, हिनं पंचीला मेंदी काढली होती.
हा हणमंत, लई रडायचा बिचारा.
ही चष्मेवाली, नाव इसरले.
तू पाचवी.
आखाडात येता, शिमग्याला जाता.
आमच्यावर शिकायलाव तुम्ही.
शिका माय, शिकावं तर लागतंच कुठंतरी."

त्या दिवशी माझा रकाना कोरा राहिला.

त्यानंतर तीच शिकवायला लागली, भंगार निवडता निवडता :
"नवरा काय करतो, असं इचारू नको कुणाला.
इचार, घरात जेवायला किती जणं.
सगळं कळतंय आपोआप.
अन् बाई रडायली की लिहू नको.
पेन खाली ठेव. आमचं ध्यान पेनाकडंच असतंय."

पुस्तकात शेवटच्या प्रकरणाचं नाव
व्यावसायिक संबंधाचा समारोप.
मी पाठ करून गेले होते, फाल्गुनातल्या उन्हात,
बिस्किटाचा पुडा घेऊन.
फॉर्मला नंबर लागला होता, सही बाकी होती.
मी सुरुवात केली, "कौसाबाई, आपण गेले आठ महिने—"
ती म्हणाली, "सहावी येईल तिला सांग,
मंगळवारी डॉक्टर नसतो, बुधवारी गाठ.
पाणी घे म्हणावं.
अन् चप्पल दाराच्या आत काढ, हितलं कुत्रं नेतंय."

माझी नेली होती, दिवाळीच्या आधी.
वहीत नाही ते.
उन्हात फुफाटा तापलेला, मी दारात एका पायावर,
आणि तिनं फळीवरून एक जोड काढून दिला,
लाल पट्ट्यांचा, कागदात गुंडाळलेला.
"घाल. पंचीची हाय. दर दसऱ्याला घेते नवी."
टाचा बाहेर ठेवत मी रिक्षापर्यंत गेले
त्या चपलांतून,
ज्यांचे तळवे तोवर
जमिनीला लागलेच नव्हते.