पुढच्या आवृत्तीसाठी, साखर पेठेतून

रात्री दीड. शेजारचा माग थांबला
तेव्हा कुठे लॅपटॉपचा पंखा ऐकू आला.
कांड्यांच्या जुन्या हिशोबवहीत
मागचं एक पान कोरं सापडलं, त्यावर लिहितेय:
पुढच्या ब्राउझरकडून काय हवंय.

आधी लिहिलं, वेग.
खोडलं.
वेग सगळेच मागतात,
आणि देणाऱ्यालाही तेवढंच द्यायला आवडतं.

मग लिहिलं, रफार.
गज्जम चादरवाल्यांच्या पानावर ठळक अक्षरात
‘अटी व शर्ती’. एका ब्राउझरात रफार वरच्या वर कापला जातो,
उरतं ‘अटी व शती’.
गज्जमशेठचा फोन: शती म्हणजे काय गं लावण्या,
शंभर चादरी घ्याव्याच लागतात, असं वाटतंय लोकांना.
ओळींतलं अंतर वाढवलं. रफार आला,
दुसऱ्या ब्राउझरात ‘खरेदी करा’ खाली घसरलं, तळटिपेत जाऊन बसलं.
तीन ब्राउझर, तीन सवती.
एकीला साडी नेसवावी तर दुसरीचा पदर सुटतो.

महादेवी हत्तुरेंचं वेगळं.
शेंगा चटणी, कडक भाकरी, कुरिअरनं.
फोनची काच तडकलेली, आवृत्ती चार वर्षांपूर्वीची,
नवीन घे म्हणायची माझी छाती नाही.
परवा चौदा पत्ते भरले, पंधराव्याला लाईट गेली,
राउटर मेला. परत आली तर पान पांढरं,
धुऊन वाळत घातल्यासारखं.
मला म्हणाली, तुझ्या पेटीला माणसाची आठवण राहत नाही का?
राहते हो, महादेवीअक्का,
तुम्ही काय बघितलं, कुठे रेंगाळलात, ते सगळं राहतं.
चौदा पत्ते तेवढे राहत नाहीत.
लिहिलं: जे ठेवायचं ते ठेव. खाली दोन रेघा.

नान्ना पाणी प्यायला उठले.
वहीत डोकावले, तेलुगूत विचारलं, काय मागतेयस?
सांगितलं.
तांब्या हातातच धरून उभे राहिले.
म्हणाले, नवे माग येणार होते तेव्हा आम्हीपण मागितलं होतं.
एकच. ताण्यातला धागा तुटला की मागानं थांबावं.
धाग्याधाग्यावर पातळ पत्ती लोंबते,
धागा तुटला की पत्ती पडते, माग जागच्या जागी गप्प.
नाहीतर अख्खी चादर विणून होते
आणि घडी उलगडल्यावर कळतं, मोराला पायच नाहीत.
मिळाला?
शेठनं मागवलाच नाही. मी डोळ्यानं बघायचो.

माझा ब्राउझर थांबत नाही, नान्ना.
धागा तुटला तर गिळतो. पुढे विणत जातो.
बिनपायाचा मोर दुकानात जातो
आणि पहिलं गिऱ्हाईक मुकाट्यानं परत फिरतं.
पण नववीत असताना मी तुमच्या टॉवेलांसाठी पान केलं होतं ना,
पळणारी अक्षरं, उघडून न मिटलेले कंस,
ते अजून उघडतं. आत्ता उघडून बघितलं.
‘उत्तम दर्जा, माफक दर’ डावीकडे पळतंय.
त्यानं इतकी वर्षं सोसलं म्हणून.

तेव्हा काय लिहू?
थांब, असं लिहवेना.
चालव, पण माझ्या कानात सांग, कितवा धागा,
आणि सांगताना निदान माणसासारखं बोल.
एवढं लिहून होईतो गल्लीत बादल्या वाजल्या.
चार दिवसांनी नळ आला होता, तोही पावणेचारला.
दोन पिंपं, हंडा, कुलरची टाकी.

परत आले तर वहीत माझ्या ओळींखाली
नान्नांच्या अक्षरात एक ओळ, तेलुगू लिपीत.
मला तेलुगू बोलता येतं, वाचता येत नाही.
फोटो काढून भाषांतराला दिला.
फिरत राहिलं, फिरत राहिलं, मग म्हणालं:
लाल सूत, चार किलो, बाकी.
हे त्यांचं मागणं की जुना हिशोब,
शाई तर ओली वाटत होती.
ते झोपले होते. उठवलं नाही.