घरघर

सँडविकमध्ये आमचं घर शेवटचं.
पुढे गवत, मग कडा, मग समुद्र.
फॅरो बेटांवर यापेक्षा जास्त पत्ता लागत नाही.

स्वयंपाकघरात, पावाच्या डब्याशेजारी,
हानुसच्या ड्रोनचा चार्जर.
तीन बॅटऱ्यांना पंगतीला बसवतो
आणि वाढतो एकेकीला.
तेवढ्यासाठी रात्रभर पंखा,
बारीक, हट्टी,
मध्येच दाताखाली खडा आल्यासारखा.

हानुस म्हणतो, कुठं आवाज आहे?
चाळीस वर्षं बोटीच्या इंजिनाशेजारी झोपलेल्या माणसाला
विचारूच नये.
मी मात्र अकरा वर्षं त्वोरॉयरीच्या इस्पितळात
रात्रपाळी केली आहे.
घरघर कशाला म्हणतात, मला ठाऊक आहे.

शनिवारी मेंढ्या उतरवायच्या.
सहा बॅटऱ्या हव्यात, काठोकाठ,
कड्याच्या पोटात कोण कुठं अडकलीय
ते वरून बघायला.
पूर्वी रोग्वी दोर बांधून खाली जायचा.
आता त्याचे गुडघे कुरकुरतात,
आणि हा चार्जर.

गुरुवारी रात्री अकराला उठले.
टेबलाची फळी त्याच्याबरोबर थरथरत होती,
खणातले चमचे कुजबुजत होते.
हानुसचा जुना लोकरी स्वेटर, कोपरावर विरलेला,
चार घड्या घालून अंथरला,
वर चार्जर ठेवला, तान्हं बाळ ठेवतात तसा.
आवाज बसला.
स्वतःवर खूश होऊन झोपले.

दोनला जाग आली
ती काहीच ऐकू न आल्यामुळे.
खाटेवरचा श्वास थांबला
की आधी पाय जमिनीवर, डोळे मागाहून:
ही सवय पेन्शनीत जात नाही.

स्वयंपाकघरात तापल्या प्लास्टिकचा वास,
आणि त्याखाली ऊन झालेल्या लोकरीचा,
जणू ओली मेंढी चुलीपाशी येऊन बसलीय.
हात लावला. चटका.
प्लग ओढला, फडक्यात धरून उलटा केला,
तेव्हा दिसल्या:
पोटाखाली बारीक फटी, रांगेनं,
माशाच्या कल्ल्यांसारख्या.

तिथून घेत होता तो.
आणि मी, जिनं नव्या मुलींना शिकवलं
उशी कशी द्यायची, मान कशी मोकळी ठेवायची,
त्या मी तिथंच लोकर दाबली होती.

बॅटऱ्या बाहेरच्या दगडावर मांडल्या, पागोळीच्या आत.
झोपेच्या कपड्यांवर त्याचाच कोट चढवून
त्यांच्यापाशी उभी राहिले वीस मिनिटं,
फुगतात का बघत.
फुगल्या नाहीत.
समुद्र आपलं काम करत होता, केवढ्यानं!
त्याच्याबद्दल मी कधी तक्रार केली नव्हती.

शिवणाच्या डब्यातून चार रिकामी रिळं काढली,
चार कोपऱ्यांखाली लावली.
सगळं निवल्यावर पुन्हा प्लग.
थोडा वेळ काहीच नाही.
मग खरखर. मग पंखा.
खुर्ची ओढून तिथंच बसले.

सकाळी हानुसनं रिळं पाहिली,
स्वेटर उचलून हुंगला,
बोलला काही नाही.
कॉफी ओतली, माझ्या कपात आधी.

शनिवारी धुकं.
कुंपणाचा दुसरा खांब दिसेना.
ड्रोन पेटीत राहिलं, रोग्वी दोर घेऊन आला,
गुडघ्यांसकट.
ओळ धरून डोंगर चढलो, ओरडत,
एकमेकांचे आवाज मोजत:
हानुस, बिरिता, रोग्वी, पुन्हा हानुस.
धुकं उठलंच तर म्हणून
दोन बॅटऱ्या त्याच्या आतल्या खिशात.

कुणाचा आवाज चुकला की थांबायचं, असं ठरलेलं.
एकदाच थांबलो.
हानुस. बिरिता.
मग काही नाही.
मी श्वास धरून उभी, रात्री दोनला उभी होते तशीच.

तेवढ्यात खालून, धुक्यातून,
रोग्वीची एक लांबलचक शिवी आली.
पुढे निघालो.