मंगळवारचा आकडा

टोलेडोच्या पूर्वेला, नदीच्या अलीकडे,
बोदनार ड्राय क्लीनर्स होतं तिथे
आता जाळीचं कुंपण आहे, आत एक शेड,
शेडमध्ये माझा ब्लोअर.
माझा म्हणजे कंपनीचा. पण दर मंगळवारी
कुलूप मीच काढतो, म्हणून माझा.

सहा विहिरी आहेत. पाण्याच्या नाहीत.
पाणी आणखी खाली, ते दुसऱ्या कुणाचं काम.
आम्ही मातीच्या कणाकणामधली हवा ओढतो,
काळ्या कोळशाच्या पिंपांतून गाळतो
आणि आभाळाला परत करतो.
एकेका नळीला गेज लावायचं,
झडप पाव वळसा फिरवायची,
टाकीत साठलेलं पाणी काढायचं.
जानेवारीत होज गोठतो तेव्हा
थर्मासमधली कॉफी त्याच्या सांध्यावर ओततो
(कंपनीला हे माहीत नाही),
मग मीटरचं नाक पाइपाशी धरून
आकडा ठरेपर्यंत उभा राहतो.

गोडसर वास असायचा म्हणे त्या द्रावणाला.
लग्नाचे सूट, पाद्र्यांचे झगे,
गालिच्याएवढ्या जाड ओव्हरकोटांवरची चरबी
अलगद उचलायचं.
उचललेलं कुठेतरी ठेवावं लागतं.

इर्मा बोदनार पलीकडच्याच घरात राहते. वय चौऱ्याऐंशी.
काठी टेकत कुंपणापर्यंत येते.
"आज किती?"
मी सांगतो. ती घरात जाऊन
चर्चच्या कॅलेंडरवर लिहून ठेवते,
कुणी रक्तदाब लिहावा तसा.
पहिल्या वर्षी नऊशे दहा.
मग चारशे. मग एकशे साठ.
मग उतार सपाट झाला:
बारा, अकरा, बारा, अकरा.

ऑफिसातून वेंडेल म्हणाला, बंद कर.
सहा आठवडे. बघू या माती काय करते.

मी बटण दाबलं. पंखा फिरत फिरत थांबला,
आणि तीन वर्षांत पहिल्यांदा
मला त्या गल्लीतलं कुत्रं ऐकू आलं.

पुढच्या मंगळवारी काम नव्हतं, तरी गेलो.
इर्मा म्हणाली, "या घरघरीला रोज शिव्या दिल्या,
आता झोप येत नाही.
ग्युला गेला तेव्हाही असंच. घोरणं थांबलं
आणि मी पहाटेपर्यंत छताकडे बघत राहिले."

सहा आठवड्यांनी सुरू केलं.
एकशे चौऱ्याहत्तर.
वाटलं, मीटर बिघडला. ठरलेला गॅस देऊन तपासला.
मीटर खरं बोलत होता.
कुठेतरी पाणी मुरतंय, म्हणतात ना,
तसंच, फक्त पाणी नव्हे.

"आज किती?"
सांगितलं. ती लिहायला गेली नाही.
जाळीत बोटं अडकवून उभी राहिली.
"गराजमागे," म्हणाली, "लायलॅकखाली.
मशीनच्या तळाचा गाळ. दर शनिवारी, दुकान बंद झाल्यावर.
बादली जड असायची,
एका बाजूनं मी धरायचे.
आम्हाला वाटायचं, जिरून जाईल."

जिरलंच होतं.
जमिनीनं पोटात ठेवलं, तिनंही.

माझ्या तक्त्यात दाब आहे, तापमान आहे,
प्रवाह आहे; याला रकाना नव्हता.
शेऱ्यात लिहिलं: नवा स्रोत शक्य, गराजमागे, ईशान्य कोपरा.
माहिती कुणाकडून, ते कोरं सोडलं.

एप्रिलमध्ये ड्रिलवाले आले. लायलॅकच्या
दोन फांद्या छाटाव्या लागल्या,
इर्मानं त्या ओल्या फडक्यात गुंडाळून नेल्या.
सातवी विहीर. पहिलाच आकडा दोन हजार शंभर.
मला तो जरा कमी करून सांगावासा वाटला.
सांगितला तसाच.

तिनं तो आधी हंगेरियनमध्ये म्हटला, सावकाश,
मग इंग्रजीत,
मग म्हणाली, "चौकोनात मावायचा नाही,"
आणि काठी टेकत लिहायला गेली.

टाकी भरत आली होती. मी पाणी काढायला वळलो.