उकार

पाणी खात्याच्या तक्रार खिडकीत
माझा फोन सकाळी सातलाच तापतो.
आज पाचवा दिवस. पाणी यायला हवं होतं,
आलं नाही.
शेळगी, विडी घरकुल, जुळे सोलापूर,
सगळ्यांच्या घशात एकच पाईप फुटलेला.

"खुर्च्या गरम करायला बसलात का हो मॅडम?"
म्हणतो एक जण.
एप्रिल आहे, त्रेचाळीस अंश,
खुर्ची आपोआपच गरम होते,
हे मी त्याला सांगत नाही.
माझी बोटं टेबलावरच्या जुन्या पावतीची
विडी वळत असतात.
कळतही नाही, वळून होते,
तोंड मुडपलेलं, फक्त दोरा बांधायचा राहिलेला.

बोटं आईची आहेत.

नरसव्वा येमूल, रोज एक हजार.
मांडीत सूप, सुपात तंबाखू,
पत्र्याच्या मापानं कातरलेलं पान,
आणि दुपार कलली की कारखान्यात रांग.
चेकर चन्नप्पा एकेक कट्टा उचलायचा,
मंगळवार बाजारात वांगी दाबून बघावीत
तसा दाबायचा,
आणि बाजूच्या टोपलीत टाकायचा. छाट.
दोनशे विड्या. छाट.
पैसे नाहीत, विड्याही परत नाहीत.

मी आठ वर्षांची. पदर मुठीत धरलेला.
तिच्या पोटात काय उसळलंय
ते त्या पदरातून माझ्या मुठीत यायचं.
ती पुटपुटायची,
मला नाही, त्याला नाही, कुणालाच नाही:
"आगू."

तेलुगूत आगू म्हणजे थांब.
मी शाळेत मराठी शिकत होते.
पाटीवर लिहून पाहिलं: आग.
मग ‘ग’च्या पायाशी एक उकार.
आगू.
फरक एवढाच. उंदराच्या शेपटीएवढा.

आता गल्लीतले म्हणतात, तुझी आई फार शांत बाई.
शांत कसली!
एकदा तिनं अख्खं सूप
चन्नप्पाच्या टेबलावर उलथं केलं.
तंबाखू त्याच्या वहीत, चहात, डोळ्यांत.
रांगेतल्या सगळ्या बाया हसल्या. मीही हसले.
मग एकवीस दिवस घरात पान आलं नाही.
आधी कडक भाकरी आणि शेंगाचटणी,
मग नुसती भाकरी,
मग भाकरी कडकच होती, पण अर्धी.

त्याचा तिला पस्तावा नव्हता,
मिरवलंही नाही कधी.
एकदाच, पानं भिजवताना म्हणाली,
"कोरडं पान वळाय गेलं की चिरतं बघ.
रातभर वल्या गोणपाटात ठिवायचं.
सकाळी पान त्येच, बोटं तीच."

बाविसाव्या दिवशी ती पुन्हा रांगेत.
चन्नप्पानं पुन्हा दोनशे काढल्या.
ती हलली नाही. अगदी हळू म्हणाली,
"एकेक दाखवा. काय खोट हाय त्ये दाखवा."
ओरडण्याचं उत्तर त्याच्याकडं तयार होतं,
ह्याचं नव्हतं.
मागची रांग मुकाट थांबलेली.
एकशे चाळीस परत आल्या.
साठ गेल्या त्या गेल्याच.

"मॅडम, ऐकताय की झोपलाय?"
मी पावतीची विडी खाली ठेवते.
विचारते, "घरात आत्ता पाणी किती आहे?"
तो गप्प.
मग, जरा खालच्या आवाजात, "दीड घागर."
"आणि माणसं?"
"सहा. वडील अंथरुणाला खिळून."
मी पत्ता लिहून घेते. टँकर चारला, म्हणते.
चारला येईल की नाही
मलाही ठाऊक नाही, तेही त्याला सांगते.
तो हसतो. चांगलं हसू नसतं ते,
पण शिवी नसते.

एवढं सगळं सांगितलं, तर हेही सांगते:
संध्याकाळी सात रस्त्यावर
दहा रुपयांसाठी मी रिक्षावाल्याला
नाही नाही ते बोलले.
उकार ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये राहिला होता,
कागदाच्या चौदा विड्यांसोबत.

घरी आले. दिवा लावला नाही.
माठाला गुंडाळलेलं ओलं गोणपाट
अंधारात हातानं शोधलं,
आणि तळवा त्यावर
तसाच राहू दिला.